हसतो कोण आणि कोणाला? : 'शतरंज के खिलाडी' आणि १८५६ चे लखनौ

लखनौच्या दोन नवाबांचा विनोद आपल्यापैकी कोणी ऐकला नाही? दोघे स्टेशनवर उभे. गाडी लागलेली. एक म्हणतो 'पहले आप', दुसरा म्हणतो 'नहीं हुजूर, पहले आप'. शेवटी गाडी दोघांना फलाटावरच ठेवून निघून जाते. मराठीत हा विनोद शाळामास्तरांपासून वक्त्यांपर्यंत सर्वांनी सांगितला आणि आम्हीही मनापासून हसलो. पण विनोदालाही जन्मतारीख असते. लखनौला रेल्वे आली १८६७ साली, कानपूरकडून. नवाबी संपली १८५६ च्या फेब्रुवारीत. म्हणजे ज्यांची गाडी चुकली त्यांच्या हातून राज्य जाऊन अकरा वर्षे झाली होती. विनोद राज्य गेल्यानंतरचा आहे, आणि सांगितला मात्र जातो तो राज्य का गेले याचे उत्तर म्हणून!

'आमची कौम ऐषआरामात बुडाली म्हणून सल्तनती गेल्या' हे वाक्य परक्यांपेक्षा आपल्याच जलशांतून आणि व्याख्यानांतून अधिक ऐकू येते. त्यामागे जी चित्रे उभी असतात त्यांत सर्वांत ठसठशीत चित्र एका कथेने दिले आहे, ती म्हणजे प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी'. कथा इतकी सरस आहे की तिला लोक इतिहासच समजू लागले. म्हणून ती येथे कथा म्हणून आणि इतिहास म्हणून, दोन्ही अंगांनी वाचण्याचे आम्ही योजिले आहे.

ही कथा लखनौहून निघणाऱ्या 'माधुरी' मासिकात १९२४ च्या ऑक्टोबरात हिंदीत आली. उर्दूत ती 'शतरंज की बाजी' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रेमचंद मुळात उर्दूचे लेखक. आरंभी ते 'नवाब राय' या नावाने लिहीत. 'सोजे वतन' (१९०८) हा संग्रह सरकारने जप्त केला, तेव्हा नवाब राय मागे पडले आणि प्रेमचंद पुढे आले. नवाबांवरची सर्वांत प्रसिद्ध कथा एका माजी 'नवाबा'ने लिहिली, हा योगायोग आम्हाला गंमतीचा वाटतो. असो.

कथा थोडक्यात सांगतो. वाजिद अली शाहच्या काळात लखनौत मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार राहतात. वडिलोपार्जित जहागीर आहे, पोटाची चिंता नाही. दिवसभर बुद्धिबळ. मिर्झांची बेगम डोकेदुखीने हैराण होऊन निरोपावर निरोप पाठवते. मिर्झा 'हा डाव संपू दे' म्हणून बसून राहतात. शेवटी ती चिडून मोहरेच बाहेर फेकून देते. मग मैफल मीरसाहेबांच्या दिवाणखान्यात हलते. तेथे एक दिवस शाही फौजेचा घोडेस्वार मीरसाहेबांची चौकशी करीत येतो. लढाईवर जावे लागेल या भीतीने दोघेही घर सोडतात आणि गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत सतरंजी, चिलीम, तंबाखू घेऊन जाऊन बसतात. समोरून कंपनीची फौज शहरात शिरते. दुपार ढळता तीच फौज बादशहाला कैद करून परत जाते. यांचा डाव चालूच. संध्याकाळी एका चालीवरून भांडण होते, तलवारी निघतात आणि दोघेही मरून पडतात.

ही कथा वाचताना बहुतेकांना मीर आणि मिर्झा एकाच साच्यातले वाटतात. तसे ते नाहीत. मिर्झा घरात दबलेले, बाहेर तापट. बेगम हाका मारते तेव्हा ते कधी हकिमाचे नाव काढतात, कधी गयावया करतात. मीरसाहेब वरकरणी शांत, सल्ला देण्यात पुढे. बायकोला फार डोक्यावर चढवू नये असा उपदेश ते मिर्झांना करतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नाही. दोघांचा स्वभाव वेगळा, पण एका बाबतीत ते एकमेकांचे आरसे आहेत, आणि प्रेमचंदांच्या विनोदाची खरी कळ तेथे आहे.

मशिदीतला प्रसंग सावकाश वाचून पाहा. सकाळी फौज येताना दिसते तेव्हा डावात पडती बाजू मीरसाहेबांची आहे. मिर्झा शहावर शह देत आहेत. नेमके तेव्हाच मीरसाहेबांना शहराची काळजी वाटू लागते. तोफा किती, शिपाई किती, ते निरखू लागतात. मिर्झा म्हणतात, बहाणे नकोत, आधी शह वाचवा. चार वाजता पारडे फिरते. आता मिर्झांचा डाव कमजोर. बादशहाला नेले जात आहे आणि आता मिर्झांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ज्या मीरसाहेबांना सकाळी चैन पडत नव्हते, तेच आता थंडपणे शह देतात. म्हणजे दोघांतही स्वामिनिष्ठा आहे, पण ती डाव हरू लागला की जागी होते! फौज निघून गेल्यावर मीरसाहेब म्हणतात, चला, नवाबसाहेबांच्या मातमात एक मर्सिया रचू. जिंकणाऱ्याला मर्सिया सुचतो. पण मिर्झांची निष्ठा हरल्याबरोबर संपली. त्यांना आता फक्त बदला हवा आहे.

हे बारकावे पाहिले म्हणजे कळते की प्रेमचंद 'आळशी नवाब' एवढेच चित्र काढत नाहीत. मनुष्य आपल्या सोयीने सार्वजनिक दुःख कसे वापरतो, हे ते दाखवतात. दोघे भित्रेही नाहीत. तलवार चालवतात, जखमा झेलतात, मागे हटत नाहीत. लेखक स्वतःच सांगतो की यांच्यात जातीच्या शौर्याची वाण नव्हती, राज्याविषयीची जाण तेवढी मेली होती. भांडण पेटते तेही मोहऱ्यावरून खानदानावर जाऊन. तुमचे वाडवडील गवत कापत होते. तुमचे पूर्वज गाझीउद्दीन हैदरच्या घरी बावर्ची होते! या गाझीउद्दीनकडे आपण पुढे परत येणार आहोत, वाचकांनी नाव ध्यानात ठेवावे.

आता दृष्टिकोनाकडे वळू. ही कथा कोण सांगतो? वरवर पाहता सर्वज्ञ निवेदक. पण हा निवेदक खट्याळ आहे, तो जाणूनबुजून कमी सांगतो. मीरसाहेबांच्या बेगमला नवरा घराबाहेर राहणे पसंत होते, असे तो सांगतो आणि कारण मात्र अज्ञात म्हणून सोडून देतो. वाचक क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. मग घोडेस्वार येतो, मीरसाहेबांचे धाबे दणाणते, दोघे गोमतीपार पळतात. आणि लगेच कॅमेरा फिरावा तशी कथा एका क्षणासाठी घरात येते: बेगम त्याच स्वाराला शाबासकी देत आहे. राज्याच्या हुकमाला भिऊन पळालेला मनुष्य खरे तर बायकोच्या युक्तीने घराबाहेर काढला गेला होता. संपूर्ण कथेत पुरुषांच्या नजरेबाहेरचे जे थोडे दिसते ते या बेगमांमुळे. एक स्पष्ट बोलते, दुसरी बेत करते. दिवाणखान्यात बसलेल्या दोघांना दोहोंपैकी काहीच कळत नाही.

पण हाच चतुर निवेदक पहिल्या पानावर अगदी वेगळा बोलतो. तेथे तो विनोद करीत नाही, निकाल देतो. सारे लखनौ, लहानथोर, अमीर-गरीब, विलासात बुडाले होते. कोणी अफूत, कोणी कोंबड्यांच्या झुंजीत, कोणी पतंगात. पुढे तो असेही सांगतो की खेड्यांची दौलत लखनौत ओढली जात होती, कंपनीचे कर्ज दिवसेंदिवस वाढत होते आणि रेसिडेंट वारंवार इशारे देत होता, पण ऐकतो कोण? येथे आम्ही थांबतो. मीर-मिर्झांचे चेहरे प्रेमचंदांनी स्वतः पाहून रंगवले, पण हा परिच्छेद कोणाच्या दौतीतल्या शाईने लिहिला?

याच्या उत्तरासाठी कथा बाजूला ठेवून इतिहासात जावे लागते. १८०१ च्या तहाने कंपनीने नवाब सआदत अली खानाकडून अवधचा जवळजवळ निम्मा मुलूख घेतला. त्याची स्वतःची फौज किती असावी हे बांधून दिले, संरक्षणाची हमी घेतली आणि कारभार आपल्या सल्ल्याने करण्याची अट घातली. ज्या राज्यात फौज बाळगायची मुभा नाही, परराष्ट्राशी बोलायची मुभा नाही, तेथला जहागीरदार सकाळी उठून काय करणार? मीर आणि मिर्झा हे या तहाचे पन्नास वर्षांनंतरचे फळ होते. त्यांची आळशी दुपार त्या तहानेच रिकामी करून ठेवली होती.

आणि कर्ज? अवधने कंपनीकडून काढलेले कर्ज डोक्यावर बसले असे कथा सुचवते. पण जो गाझीउद्दीन हैदर मीर-मिर्झांच्या भांडणात बावर्चीखान्यापुरता डोकावतो, त्याच्याकडून नेपाळच्या युद्धासाठी (१८१४-१६) कंपनीनेच कोट्यवधी रुपये कर्जाऊ घेतले होते. त्या रकमांच्या व्याजातून नवाबांच्या नातेवाइकांना व आश्रितांना 'वसिका' मिळत असे. आणखी एक. अवधचे नवाब हे मूळचे मोगल बादशहाचे वजीर, 'नवाब वजीर' हाच त्यांचा किताब. १८१९ मध्ये इंग्रजांच्या प्रोत्साहनाने गाझीउद्दीनने स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. पटावरचा वजीर राजा झाला, फक्त पट दुसऱ्याचा होता. कथेच्या शेवटी लेखक बोचून सांगतो की आपल्या बादशहासाठी ज्यांनी अश्रू गाळला नाही, त्यांनी बुद्धिबळाच्या वजिरासाठी प्राण दिले. अवधचा इतिहास माहीत असणाऱ्याला या वाक्यात प्रेमचंदांनी ठेवला असेल त्याहूनही जास्त उपरोध सापडेल.

१८५६ कडे येऊ. डलहौसीने सातारा (१८४८) आणि नागपूर (१८५४) खालसा केले ते औरस वारस नाही या सबबीवर. आपल्या महाराष्ट्राला ती जखम ठाऊक आहे. अवधमध्ये ती सबब चालणार नव्हती. वाजिद अलीला मुले होती. तेथे दुसरे कारण हवे होते, आणि ते 'अंदाधुंदी' हे ठरले. म्हणून नाचगाणे, परीखाना, कबुतरे, कोंबडे यांच्या नोंदी सरकारी कागदांत भरभरून आल्या. कर्नल स्लीमन या रेसिडेंटने राज्यभर फिरून कारभाराविषयी फार कडक लिहिले हे खरे, पण मुलूख खालसा करण्याला त्याचा स्वतःचा विरोध होता. हे दुसरे वाक्य फारसे कोणी उद्धृत करीत नाही. डलहौसीने मात्र १८५१ मध्येच एका खासगी पत्रात अवधची तुलना एक दिवस आपल्या तोंडात पडणाऱ्या फळाशी केली होती. फळ आधी ठरले, ते किडले असल्याचा दाखला नंतर तयार झाला.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट आउट्रॅमने वाजिद अलीपुढे नवा तह ठेवला. त्याने सही केली नाही. आपली पगडी काढून आउट्रॅमच्या हाती दिली आणि सांगितले की माझ्यापाशी आता तह करण्यासारखे काही उरलेले नाही. ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. लढाई झाली नाही, कारण बादशहाचाच तसा हुकूम होता: तोफा उतरवा, पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून ठेवा. त्याला कोणी कैद करूनही नेले नाही. १३ मार्चला तो स्वतः कलकत्त्याकडे निघाला, गव्हर्नर जनरलपुढे आणि पुढे विलायतेत दाद मागण्यासाठी. कैद झाली ती पुढच्या वर्षी, जून १८५७ मध्ये, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, कारण बंड पेटले होते आणि त्याचे नावच सरकारला धोक्याचे वाटत होते.

प्रेमचंदांनी हे सारे एका दुपारीत बसवले. कथाकाराला तेवढा हक्क आहे. पण त्या बसवण्यात एक गोष्ट हरवली. रक्ताचा थेंब सांडला नाही तो शहर गुंगीत होते म्हणून, की एका राजाने विचार करून आपली माणसे वाचवली म्हणून? त्याचा विचार चुकीचा होता असे म्हणता येईल. तो विचार होता हे नाकारता येणार नाही.

मग प्रेमचंद इंग्रजांचीच री ओढतात का? आमचे मत असे आहे की पहिल्या पानावर ओढतात, पुढे नाही. याचा पुरावा कथेतच आहे. लखनौ शांतपणे ताब्यात गेले हे सांगताना निवेदक मध्येच थांबतो आणि म्हणतो की ही देवांना प्रसन्न करणारी अहिंसा नव्हती, हा भ्याडपणा होता. १८५६ च्या लखनौत 'अहिंसा' हा शब्द कोणाच्या तोंडी होता? हा शब्द १९२४ चा आहे. प्रेमचंदांनी असहकाराच्या हाकेवर १९२१ मध्ये सरकारी नोकरी सोडली. १९२२ मध्ये चळवळ थांबली. पुढच्या दोन वर्षांत पुढारी एकमेकांच्या मोहऱ्यांवर तुटून पडले. १९२४ च्या सप्टेंबरात कोहाटला दंगल झाली; त्याच महिन्यात महात्माजींनी दिल्लीत मौलाना मुहम्मद अलींच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. अशा दिवसांत ही कथा छापली गेली. समोरून साम्राज्याची फौज जाते आहे आणि दोन शेजारी कोणाचा आजा गवत कापत होता यावर तलवारी उपसत आहेत! १९२४ च्या वाचकाला हे दोघे लांबचे वाटले नसतील. नावे मुसलमानी आहेत, वेश नवाबी आहे, पण आरसा ज्यांच्यापुढे धरला ते सगळे वर्तमानपत्र वाचणारे लोक होते.

ही कथा एका कौमेची चेष्टा करण्यासाठी लिहिली, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच लेखकाचे त्याच वर्षाचे दुसरे पुस्तक पाहावे. १९२४ मध्येच प्रेमचंदांचे 'कर्बला' हे नाटक आले, हजरत इमाम हुसैन यांच्या शहादतीवर, पूर्ण आदराने लिहिलेले. एकाच वर्षी एकाच लेखणीतून सिंहासनापुढे न झुकणारे हुसैन आणि पटावरून न उठणारे मीर-मिर्झा उतरले. मीरसाहेबांना जो मर्सिया सुचतो आणि राहून जातो, त्याचा अर्थ 'कर्बला' शेजारी ठेवल्यावर अधिक झोंबतो.

शिवाय हा विनोद प्रेमचंदांनी बाहेरून आणलेला नाही. लखनौ स्वतःवर हसायला फार आधी शिकले होते. मुन्शी सज्जाद हुसैन यांचे 'अवध पंच' १८७७ पासून निघत होते. रतननाथ सरशार यांच्या 'फसाना-ए-आझाद'मधला खोजी हा बढाईखोर अफूबाज वाचकांचा लाडका होता. प्रेमचंदांनी त्या ग्रंथाचा हिंदीत संक्षेप केला. मीर-मिर्झा हे खोजीचेच भाऊबंद. अब्दुल हलीम शरर यांनीही 'गुजिश्ता लखनौ'मध्ये कोंबडे, कबुतरे, पतंग यांवर पानेच्या पाने लिहिली. फरक एवढाच की शरर त्याच गोष्टींना तहजीब म्हणून मोजतात. घरातला माणूस घरच्यांवर हसतो तेव्हा त्यात ओलावा असतो. तेच हसू सरकारी अहवालात गेले की त्याचा पुरावा होतो, आणि पाठ्यपुस्तकात गेले की स्वभाव होतो.

कथेचा शेवट वाचून लखनौ मेले असे वाटते. प्रत्यक्षात त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ३० जून १८५७ रोजी, चिनहटला इंग्रज फौज हरली. रेसिडेन्सीचा वेढा नोव्हेंबरपर्यंत चालला, शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती जायला मार्च १८५८ उजाडला. नेतृत्व कोणाचे? वाजिद अलीने तलाक देऊन मागे ठेवलेल्या बेगम हजरत महलचे. तिने आपला अल्पवयीन मुलगा बिर्जिस कद्र याला तख्तावर बसवले, राणीच्या जाहीरनाम्याला स्वतःच्या जाहीरनाम्याने उत्तर दिले आणि शरण न जाता नेपाळात गेली. १८७९ मध्ये काठमांडूत वारली. प्रेमचंदांच्या कथेत जनानखान्यापाशी येऊन थांबलेली नजर आणखी थोडी आत गेली असती, तर तेथे १८५७ बसलेले दिसले असते.

या कथेवर सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये चित्रपट काढला. मिर्झा झाले संजीव कुमार, मीर झाले सईद जाफरी, वाजिद अली झाला अमजद खान. राय यांनी कथेत नसलेला आउट्रॅम आणला, पगडीचा प्रसंग आणला, म्हणजे पहिल्या पानावरचा निकाल काढून तेथे इतिहास बसवला. तरीही १९७८ मध्ये मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'त राजबन्स खन्ना यांनी आक्षेप घेतला की वाजिद अली दुबळा रंगवला आहे, आणि राय यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. नवाबांवर कोणी कसे हसावे हा वाद तेव्हाही जिवंत होता.

राय यांनी शेवटही बदलला. मीरसाहेबांना आठवणारी पडकी मशीद सापडतच नाही. पिस्तूल सुटते, पण जीव कोणाचाच जात नाही. दोघे पुन्हा पट मांडतात, या खेपेस इंग्रजी पद्धतीने, जिथे वजिराच्या जागी राणी असते. प्रेक्षक त्या राणीचे नाव मनात घेतात, व्हिक्टोरिया. पण त्या वेळी आणखी एक मलिका चालीवर होती. वाजिद अलीची आई, मलिका किश्वर, १८५६ मध्ये मुलाचे राज्य परत मागायला समुद्र ओलांडून लंडनला गेली आणि व्हिक्टोरियाला भेटली. तोवर इकडे बंड पेटले आणि तिची बाजू ऐकायला कोणी उरले नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली. तिची कबर तेथल्या पेर लाशेज दफनभूमीत आहे.